कौशिकीला सगळं ठाऊक होतं

कालिदासाच्या तीन नाटकांपैकी 'शाकुंतल' जगभर गेलं आणि 'विक्रमोर्वशीय'ला रसिक भेटत राहिले. तिसऱ्या 'मालविकाग्निमित्रा'बद्दल मात्र वाचकाचा सूर बहुधा एकच असतो: हे कालिदासाचंच का? तसं उघड विचारणारेही झाले. होरेस हेमन विल्सन या इंग्रज पंडिताने १८२७ मध्ये संस्कृत नाटकांवर मोठा ग्रंथ काढला आणि त्यात या नाटकाच्या कर्तृत्वावर शंका घेतली. हे एवढ्या मोठ्या कवीचं नाटक असेल, हे त्याला पटेना. पुढे १८६९ मध्ये शंकर पांडुरंग पंडितांनी मुंबई संस्कृत ग्रंथमालेत त्याची संपादित आवृत्ती काढली आणि हे कालिदासाचंच आहे अशी बाजू मांडली. आज त्याबद्दल वाद उरलेला नाही. नाटक खरं ठरलं, पण निराशा तशीच राहिली.

निराश होणाऱ्याचं चुकतं असंही नाही. एक राजा आहे आणि त्याच्या दोन राण्या आहेत. मोठी धारिणी, धाकटी इरावती. तिसरी एक दासी येते, मालविका, आणि राजा तिच्या मागे लागतो. पाच अंक हीच धावपळ. राजा अग्निमित्र स्वतः काही करत नाही. सुस्कारे टाकतो, झाडाआड उभा राहतो, पकडला गेला की पाया पडतो. त्याचा मुलगा वसुमित्र तिकडे अश्वमेधाच्या घोड्यामागे सैन्य घेऊन फिरतोय, म्हणजे आमचा नायक काही विशीतला नाही. एवढ्या बायकांनी याच्यासाठी का भांडावं, हा प्रश्न पहिल्या अंकातच पडतो आणि शेवटपर्यंत सुटत नाही.

दोघींचा एकावर जीव या साच्याची कायमची अडचण हीच आहे. २००२ साली आलेला 'मुझसे दोस्ती करोगे' आठवून पाहा. हृतिक रोशन लहानपणीच लंडनला जातो. करीना कपूर पत्र पाठवायचं कबूल करून विसरते. मग तिची मैत्रीण राणी मुखर्जी वर्षानुवर्षं तिच्या नावाने ई-मेल लिहीत राहते. इथवर गंमत आहे. नायक परत येतो आणि पुढे तासन्‌तास दोघी एकमेकींसाठी त्याग करत बसतात. जिला तो हवाय ती सांगत नाही, जिला मिळालाय तिला तो मिळाला कसा हे कळत नाही आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला तर काहीच समजत नाही. कोणालाच काही उघडपणे हवं नसेल, तर प्रेक्षकाने कशाची वाट बघायची? लोक गाणी तेवढी घेऊन घरी गेले.

'मालविकाग्निमित्रा'तल्या बायका मात्र त्यागाच्या भानगडीत पडत नाहीत. प्रत्येकीला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक आहे, आणि ते मिळवायला ती डोकं लावते. म्हणून राजावरची नजर काढून या बायकांवर ठेवली की नाटक एकदम जागं होतं.

धारिणी बघा. नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून तिने मालविकेला दडवून ठेवलंय. पण चित्रशाळेत राणीच्या चित्रात शेजारी ही मुलगी रंगवलेली राजाला दिसते. ही कोण, असं तो विचारतो. धारिणी उत्तर टाळते आणि तेवढ्यात छोटी राजकन्या वसुलक्ष्मी बोलून जाते: ही मालविका! घरातल्या लहान पोरीसमोर गुपित ठेवू नये, हे दीड हजार वर्षांपूर्वीही खरं होतं.

मग विदूषक गौतम कामाला लागतो. मालविकेला नाच शिकवणारा गणदास आणि दुसरा नाट्याचार्य हरदत्त या दोघांत तो भांडण लावतो: श्रेष्ठ कोण? निवाडा राजासमोर व्हायचा. राणीला डाव कळतो, ती टाळाटाळ करते, पण निवाड्यासाठी बसवलेली पंडिता कौशिकी ही परिव्राजिका म्हणते की शिक्षकाची पारख शिष्येच्या प्रयोगावरूनच होते. शिवाय अंगाचं सौष्ठव नीट दिसावं म्हणून नर्तकीने जडजवाहीर न घालता साध्या वेषात यावं. आणि गणदास वयाने मोठा, तेव्हा त्याची शिष्या आधी. मालविका येते, नाचते, गाते. त्यानंतर दुपारचा पुकारा होतो, सगळे जेवायला उठतात आणि हरदत्ताची पाळी येतच नाही. ज्या स्पर्धेसाठी एवढा खटाटोप, ती झालीच नाही. संस्कृत नाटकात यापेक्षा मिश्किल फसवणूक मला तरी आठवत नाही. ही कौशिकी लक्षात ठेवा.

तिसरा अंक अशोकाच्या झाडाखाली घडतो. सुंदर स्त्रीने पायाने ताडन केलं की अशोक फुलतो, असा जुन्या कवींचा संकेत. त्याला दोहद म्हणत, म्हणजे झाडाचे डोहाळेच. इथे झाड म्हणजे सीतेचा अशोक. जुन्या फांद्यांवरच गुच्छ धरणारा, आधी पिवळा-केशरी आणि मग लाल होत जाणारा. कॉलनीच्या कुंपणाला जे उंच सरळ झाड लावून त्याला अशोक म्हणतात, ते वेगळं. तर राजवाड्यातला सोनेरी अशोक काही केल्या फुलेना. लाथ मारायचा मान धारिणीचा, पण गौतमाच्या आगाऊपणामुळे ती झोपाळ्यावरून पडली आणि तिचा पाय दुखावला. तिने मालविकेला पाठवलं आणि वचन दिलं की पाच रात्रींत फूल आलं तर मागशील ते देईन. गौतमाने मुद्दाम पाडलं की कसं, हे कालिदास सांगत नाही.

बकुलावलिका ही धारिणीचीच दासी, पण मालविकेची मैत्रीण. ती मालविकेच्या पायाला अळता लावते, नूपुर चढवते आणि बोलता बोलता राजाची वकिली करते. राजा झाडीआडून ऐकतोय. दुसऱ्या बाजूने इरावती येते. तिने मद्य घेतलंय, पाय डगमगतायत, आणि झोपाळ्यावर भेटायचं ठरवून आलेला नवरा भलतीकडेच उभा दिसतो. ती जायला निघते, कमरपट्टा सुटून पायात येतो, आणि तोच उचलून ती राजावर उगारते. आपल्याकडच्या रंगभूमीवर राजाला मेखलेचा मार दाखवायला निघालेली राणी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. वाईट वाटतं ते तिचंच. आज मालविका जिथे उभी आहे तिथे कालपर्यंत इरावतीच होती, आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता दोन सवती एक होतात. इरावतीचं मन राखायला धारिणी मालविका आणि बकुलावलिका दोघींना तळघरात कोंडते. माझी नागमुद्रेची अंगठी बघितल्याशिवाय सोडायचं नाही, अशी पहारेकरणीला ताकीद. मग गौतम काय करतो? केतकीच्या काट्याने बोट टोचून घेतो आणि साप चावला म्हणून बोंब ठोकतो. वैद्याचा निरोप येतो की उपचाराला नागाची आकृती असलेली वस्तू हवी. धारिणी घाबरून अंगठी काढून देते आणि तळघर उघडतं. पुढे हाच गौतम दारात झोपी जातो, झोपेत नको ते बरळतो आणि इरावतीची दासी त्याची वाकडी काठी त्याच्याच अंगावर टाकते. साप, साप! ज्या खोट्या सापाने अंक सुरू झाला, तोच खोटा साप सगळ्यांना पकडून देतो. विल्सनला हे हलकं वाटलं असेल. मला ही रचना घड्याळासारखी वाटते.

आणि हे सगळं चालू असताना मागे एक युद्ध सुरू आहे. ते बहुतेक वाचक विसरतात, आणि अमरावती-अकोल्याच्या माणसाने नेमकं तेच वाचायला हवं.

पहिल्याच अंकात विदर्भाच्या राजाचं, यज्ञसेनाचं पत्र आलेलं असतं. त्याचा चुलतभाऊ माधवसेन अग्निमित्राचा मित्र. तो आपली बहीण अग्निमित्राला द्यायची म्हणून त्याच्या राजधानीकडे, विदिशेकडे निघाला होता. यज्ञसेनाच्या सीमेवरच्या शिपायांनी त्याला वाटेत पकडलं. त्या गोंधळात बहीण हरवली. यज्ञसेन म्हणतो: माझा मेहुणा, मौर्यांचा मंत्री, तुमच्या कैदेत आहे. तो सोडा, मी माधवसेनाला सोडतो. राजा भडकतो आणि सेनापती वीरसेनाला विदर्भावर चालून जायला सांगतो. वीरसेन म्हणजे धारिणीचा भाऊ. एवढं सांगून नाटक पुन्हा नाचाकडे वळतं.

पाचव्या अंकात विदर्भ जिंकल्याची बातमी येते. नजराण्यात तिकडच्या दोन कलावंत मुली येतात. दरबारात आल्या आल्या त्या मालविकेकडे बघून थबकतात. ही तर आमची राजकन्या! माधवसेनाची हरवलेली बहीण वर्षभर धारिणीच्या घरात दासी म्हणून राहत होती. म्हणजे राजाने झाडाआडून चोरून जी मिळवायची धडपड केली, ती तर त्याला आधीच देऊ केलेली होती. पाच अंकांची लपाछपी एका ठरलेल्या सोयरिकीवर येऊन संपते. निराश व्हायला ही जागा उत्तम. पण थक्क व्हायलाही हीच.

कारण याच अंकात अग्निमित्र विदर्भाची वाटणी करतो. यज्ञसेन आणि माधवसेन, दोघा चुलतभावांनी वरदा नदीचे दोन काठ वाटून घ्यावेत. वरदा म्हणजे आपली वर्धा. अग्निमित्राच्या शुंग घराण्याचा हा काळ इसवी सनापूर्वीचा. अग्निमित्राचा बाप पुष्यमित्र इ.स.पू. १८५ च्या सुमारास सत्तेवर आला, आणि कालिदास त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहितोय. मधल्या काळात ही आठवण कोणी, कशी जपली? विदर्भाच्या या युद्धाची आणि वाटणीची कथा आपल्यापर्यंत पोचली ती याच नाटकातून. इतिहासकार शुंगांचा विदर्भाशी संबंध सांगताना ज्याच्याकडे बोट दाखवतात, ते हेच सवतींचं भांडण.

कालिदास उत्तर आणि दक्षिण काठ म्हणतो. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ सातपुड्यात उगवलेली वर्धा अमरावतीच्या कडेने उतरते तेव्हा तिचे काठ आपल्याला पूर्व-पश्चिम वाटतात. पुढे ती आग्नेयेकडे कलत जाते तसे कालिदासाचे शब्द जास्त पटू लागतात. या नदीला सीमा होण्याची सवयच आहे. १८०३ च्या नोव्हेंबरात आताच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. डिसेंबरात अमरावतीकडचा गाविलगड पडला आणि लगेच देवगावचा तह झाला. नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. वऱ्हाड एकीकडे, नागपूर दुसरीकडे, मध्ये वर्धा. आजही अमरावती आणि वर्धा हे जिल्हे बऱ्याच अंतरापर्यंत याच पाण्याने वेगळे केले आहेत. तहनाम्यात जी रेघ आहे, ती कालिदासाने प्रेमाच्या फार्सात कधीच ओढून ठेवली होती.

याच वर्धेच्या काठावर, तिवसा तालुक्यात, कौंडिण्यपूर आहे. परंपरेने रुक्मिणीचं माहेर. कृष्णाला स्वतः निरोप धाडून, पळवून न्यायची जागा आणि वेळही कळवणारी ही मुलगी पुढे द्वारकेत सत्यभामेची सवत झाली, आणि दोघींच्या चढाओढीवर भारतभर कथा रचल्या गेल्या. त्यातली एक फार जुनी वऱ्हाडातच लिहिली गेली, हे कमी जणांना माहीत असतं. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं. त्याचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा सुरू करणारा राजा सर्वसेन चौथ्या शतकातला. त्याने 'हरिविजय' नावाचं काव्य केलं. विषय: रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजातक आणतो. राज्य चालवणारा माणूस फुरसतीत सवतीमत्सरावर लिहीत होता! आनंदवर्धनासारख्या काश्मिरी पंडिताने त्या काव्याची दखल घेतली, भोजाने त्यातली पद्यं उद्धृत केली. मूळ काव्य हरवलं. या उद्धृतांतून जेवढं उरलं तेवढंच आपल्याकडे आहे.

हे काव्य संस्कृतात नव्हतं, महाराष्ट्री प्राकृतात होतं. आणि संस्कृत नाटकाचा रिवाज असा की राजे आणि विद्वान पुरुष संस्कृत बोलतात, बहुतेक बायका प्राकृत, आणि त्यांची गाणी असली तर ती महाराष्ट्रीत. तेव्हा दुसऱ्या अंकात विदिशेच्या दरबारात उभी राहून मालविका जे गाते, ते मराठीच्या पूर्वज भाषेत. दुर्लभ माणसावर जीव जडल्याचं गाणं, शर्मिष्ठेच्या रचनेवर बसवलेलं. शर्मिष्ठाही राजकन्याच, आणि तीही दासी झालेली. ती कथा माहीत असलेल्या प्रेक्षकाला इथेच कळायला हवं होतं. राजाला कळलं नाही.

पण कौशिकीला कळलं होतं. किंबहुना, कुठलं गाणं निवडावं, कोणी आधी नाचावं, वेष कसा असावा, हे तिनेच सुचवलेलं होतं. आता ती कोण, ते सांगतो. पाचव्या अंकात तीच उलगडा करते. माधवसेनाचा मंत्री सुमती, त्याची ही बहीण. माधवसेन पकडला गेला तेव्हा सुमतीने मालविकेला आणि हिला घेऊन विदिशेकडे जाणारा तांडा गाठला. जंगलात दरोडेखोरांनी तांडा लुटला, सुमती मारला गेला, मालविका कोणाच्या तरी हाती लागली. वीरसेनामार्फत ती धारिणीकडे भेट म्हणून आली. कौशिकी आधीच विधवा होती. भावाचं दहन करून, वैधव्याचं दुःख पुन्हा नवं झालेलं घेऊन ती या राज्यात आली आणि भगवी वस्त्रं घेतली. राजवाड्यात मालविका दिसली तेव्हा तिने तिला ओळखलं. आणि गप्प राहिली.

हे कळल्यावर नाटक पुन्हा पहिल्यापासून वाचावं. मग गौतमाचे सगळे डाव दुय्यम वाटू लागतात. नाचाची स्पर्धा कौशिकी घडवून आणते. खोट्या सर्पदंशाच्या वेळी धारिणीशेजारी बसून ती गंभीरपणे विषावरचे उपाय सांगते, म्हणजे राणीला शंका यायला जागाच उरत नाही. राणीचा विश्वास तिच्यावर, राजाचा विश्वास तिच्यावर, आणि तिचं काम मात्र एकच: सुमतीने अर्ध्यावर सोडलेली सोयरीक पुरी करायची. सैन्य नाही, पैसा नाही, नातेवाईक जिवंत नाहीत. वऱ्हाडातल्या एका विधवेने विदिशेचं अख्खं अंतःपुर चालवलं, आणि मजा अशी की आपण पाच अंक त्या ढिल्या राजाकडे बघत बसतो.

धारिणी मला यात तिच्या तोडीची वाटते. अशोक फुलला. वचन पाळायची वेळ आली. भाऊ विदर्भात जिंकला, आणि मुलगा वसुमित्राने सिंधुतीरावर यवनांना हरवल्याची बातमीही पुढे याच अंकात येणार आहे. आता तिची जागा कोणी हलवू शकत नाही, तेव्हा उदार व्हायला हरकत नाही. ती कौशिकीला म्हणते, तुम्हाला प्रसाधनाची कला येते ना, मग मालविकेला विदर्भातल्या वधूचा वेष करून दाखवा. हे केव्हा? त्या दोन मुलींनी मालविकेला ओळखण्याच्या आधी! ही मुलगी विदर्भाची आहे हे कौशिकीशिवाय अजून कोणाला माहीत नाही, आणि अंगावर विदर्भाचा वधूसाज. धारिणीला काही वास लागला होता का? की कौशिकीनेच तसा विषय काढून ठेवला होता? कालिदास दोन्ही दारं उघडी ठेवतो.

सगळं उघड झाल्यावर धारिणी कौशिकीला एवढंच सुनावते: ही घरंदाज आहे हे तुम्ही मला सांगितलं नाही, हे बरं केलं नाही. राजकन्येला दासी म्हणून वागवल्याचा संकोच त्यात आहे, आणि आपल्याला फसवलं याचा रागही. कौशिकीचं उत्तर तयार: एका साधूने सांगितलं होतं की ही वर्षभर दासी राहील आणि मग हिला योग्य नवरा मिळेल. म्हणून मी थांबले. राजा मान डोलावतो. माझा त्या साधूवर फारसा विश्वास नाही. योग्य वेळ येईपर्यंत तोंड बंद ठेवायला भविष्यवाणीइतकं सोयीचं कारण दुसरं नसतं. पहिल्याच दिवशी ही ओळख सांगितली असती तर मालविका शत्रूच्या घराण्यातली, राज्य गमावलेल्या कैद्याची बहीण होती. पाचव्या अंकात ती अर्ध्या विदर्भाच्या राजाची बहीण आहे.

इरावती शेवटच्या अंकात येतच नाही. दासीबरोबर माफीचा निरोप पाठवते, आणि धारिणी तो मोठेपणाने स्वीकारते. सगळ्यांत प्रामाणिक भांडणारीच्या वाट्याला एक निरोप.

आणि कौशिकी? लग्न ठरलं, तिचं काम संपलं. ती राजाला म्हणते, मला माधवसेनाला भेटून त्याचं अभिनंदन करायचं आहे. म्हणजे सरळ, मला माझ्या मुलखात जायचं आहे. धारिणी म्हणते, आम्हाला सोडून जाणं तुम्हाला शोभत नाही. राजा तोडगा काढतो: मी माधवसेनाला पत्र लिहीन ना, त्यातच तुमच्या वतीने अभिनंदन कळवतो.